किरणोत्सर्ग आणि कामगाराचे रक्त



सभेला येताना वाटेत आपण रिक्षा आणि टेम्पो पाहिले असतील. त्यांच्या पाठीवर कोणाच्या आईचा आशीर्वाद असतो, कोणाच्या कुलदैवताचे नाव असते, आणि ही अक्षरे मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात लखलखतात. ज्या दुकानात ती चिकटवून मिळतात, त्या दुकानावर ‘रेडियम’ अशी पाटी असते. त्या अक्षरांत रेडियमचा एक कणही नसतो. अंगावर पडलेला प्रकाश आल्या वाटेने परत धाडणारा तो एक चिकट कागद आहे, इतकेच. परंतु अंधारात जे चमकते ते रेडियम, अशी आमच्या भाषेची समजूत होऊन बसली आहे, आणि ती बहुधा आजोबांच्या मनगटी घड्याळाने करून दिलेली आहे. त्या घड्याळाच्या काट्यांना आणि आकड्यांना खरोखरीचे रेडियम लावलेले असे. दिवा मालवला तरी ते हिरवट उजेडात वेळ सांगत.

ते रेडियम कोणी लावले, हे आजोबांनी कधी विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नसते. पण आमचा धंदा रक्त तपासण्याचा. किरणांपाशी काम करणाऱ्या माणसाच्या रक्ताचे काय होते हे शोधू लागले, की वाट फिरून फिरून त्या घड्याळांपाशीच येते. म्हणून आरंभ तेथूनच करू.

अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात ऑरेंज नावाचे गाव आहे. १९१७ सालापासून तेथे घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा एक कारखाना चालू होता. पुढे तो युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन या नावाने जगाला माहीत झाला. पहिले महायुद्ध चालू होते. खंदकातल्या सैनिकाला अंधारात वेळ दिसली पाहिजे, म्हणून मागणी मोठी. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली. जस्त आणि गंधक यांच्या संयुगाच्या भुकटीत अत्यल्प रेडियम मिसळून रंग तयार करीत. आकडे बारीक, दोन-चार फटकारे मारले की कुंचल्याचे टोक विस्कटे. सुईत दोरा ओवताना आपल्या घरच्या बायका दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले करतात, तशा या मुली कुंचला ओठांत धरून टोक काढीत. तसे करावे म्हणून त्यांना शिकवलेलेच होते. रंगाने अपाय होत नाही, असेही सांगितलेले होते. काहीजणी गंमत म्हणून नखांना तो रंग लावीत.

प्रत्येक वेळी रंगाचा एक कण पोटात जाई. आता शरीराची एक अडचण अशी आहे की त्याला रेडियम आणि चुना यांतला फरक नीट कळत नाही. दुधातला चुना ते जसा हाडांत नेऊन ठेवते, तसेच रेडियमही नेऊन ठेवते. चुना तेथे निमूट बसतो. रेडियम बसत नाही. ते वर्षानुवर्षे किरण फेकीत राहते. आणि हाडांच्या पोकळीतच रक्त तयार होते.

१९२२ पासून मुली मरू लागल्या. दात काढला तर जखम भरून येईना, जबड्याचे हाड कुजू लागले, तोंड पांढरे फटक पडले. तेव्हा कंपनीने १९२४ साली हार्वर्ड विद्यापीठातून डॉ. सेसिल ड्रिंकर यांना पाचारण केले. ड्रिंकर, त्यांच्या डॉक्टर पत्नी कॅथरिन आणि एक सहकारी यांनी कारखाना पाहिला. अंधाऱ्या खोलीत मुलींना उभे केले तर त्यांचे केस, चेहरे, हात, कपडे, सर्व काही चमकत होते. त्यांनी कामगारांचे रक्त तपासले. ज्यांचे रक्त तपासले त्यांतील एकाचेही रक्त सर्वस्वी निर्दोष नव्हते. अपायाचे मूळ रेडियमच, असे त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिले.

यापुढचा भाग आपण नीट ऐकावा, कारण आजच्या सगळ्या विषयाचे बीज त्यात आहे. प्रांताच्या कामगार खात्याने कंपनीकडे अहवाल मागितला. कंपनीने अख्खा अहवाल पाठवलाच नाही. रक्ततपासणीचे तेवढे कोष्टक पाठवले, आणि त्याचा अर्थ असा लावून दिला की कारखान्यातील प्रत्येक मुलगी ठणठणीत आहे! खात्याचे समाधान झाले. ड्रिंकर यांना या गोष्टीचा पत्ता नव्हता. हार्वर्डमधल्याच डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्या कानावर ती आली, आणि १९२५ साली त्यांनी कॅथरिन ड्रिंकरना पत्राने कळवले. औद्योगिक आजारांच्या शास्त्राचा अमेरिकेत पाया घालणाऱ्या या बाई. एखादी गोष्ट कानावर येऊन तशीच सोडून देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. कंपनीने फिर्यादीचा धाक घातला असतानाही ड्रिंकर यांनी त्याच वर्षी आपला अहवाल छापला. हॅरिसन मार्टलंड नावाच्या सरकारी वैद्यकीय तपासनिसाने याच सुमारास मुलींच्या शरीरांत आणि त्यांच्या श्वासांत किरणोत्सर्गाचा पुरावा दाखवून दिला. पाचजणींनी दावा लावला आणि १९२८ साली तडजोड झाली: प्रत्येकीस दहा हजार डॉलर रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. हा रंग ज्याने शोधून काढला तो डॉ. साबिन फॉन सोचोकी याच वर्षी वारला. त्याच्या हाडांतील मगज रक्त तयार करीनासा झाला होता.

रक्त खोटे बोलले नव्हते. रक्ताच्या नावावर माणसे खोटे बोलली. पण आम्हांला त्याहून पुढचा प्रश्न पडतो. समजा, कंपनी सज्जन असती आणि कोष्टक जसेच्या तसे खात्याकडे गेले असते, तर दर सहा महिन्यांनी रक्त तपासून या मुलींचा बचाव झाला असता काय? आमचे उत्तर आहे, नाही. आणि हे उत्तर आम्ही रक्त तपासणाऱ्यांनीच द्यावे, हे बरे. दुसऱ्याने दिले तर आम्हांला राग आला असता.

याचे कारण समजण्यासाठी रक्ताचा संसार थोडा पाहावा लागेल. आपल्या हाडांतील मगज दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो. आमचे हे वाक्य पुरे होईपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या अंगात कोटभर पेशी नव्या आल्या आणि तितक्याच जुन्या मोडीत निघाल्या. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जखमेवर खपली धरवणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवस टिकतात. पांढऱ्या पेशींपैकी जंतूंवर तुटून पडणाऱ्या ज्या असतात, त्या रक्तात एखादा दिवसही काढीत नाहीत. याउलट लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी काही वर्षानुवर्षे जगतात.

पेशी जितक्या जलद विभागतात तितक्या त्या किरणांना लवकर बळी पडतात, असा नियम बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०६ साली सांगितला. मगजातील मूळ पेशी अखंड विभागत असतात, म्हणून किरणांचा घाव तेथे आधी बसतो. पण घाव बसला म्हणजे तो रक्तात लगेच दिसतो असे नाही. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्याच्या हौदांत पाणी आणले होते. समजा, वर तलावापाशीच नळ फुटला, तर हौदावर घागर बुडवणाऱ्या बाईला तो त्याच क्षणी कळेल काय? हौद भरलेलाच दिसेल. ज्या हौदाचा उपसा मोठा तो आधी रिता होईल, ज्याचा उपसा कमी तो मागून. रक्ताचेही असेच आहे. मोठी मात्रा एकदम बसली तर पांढऱ्या पेशी आणि बिंबिका दोन-चार आठवड्यांत तळाला जातात. तांबड्या पेशींची घट सावकाश येते. या हिशेबाला अपवाद एकच, तो लिंफोसाइटचा. ही पेशी इतकी नाजूक आहे की ती विभागण्याचीही वाट पाहत नाही. किरणांचा मारा मोठा असेल तर एक-दोन दिवसांतच तिची संख्या कोसळते.

हे झाले मोठ्या माऱ्याचे. रोजच्या कामात मात्रा अल्प असते, आणि तेथे रक्ताची गणना आम्हांला फसवते. पांढऱ्या पेशींची निरोगी माणसातली संख्या चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत कुठेही असू शकते. ज्याची मूळची नऊ हजार होती त्याची पाच हजारांवर आली, तरी आमच्या कागदावर शेरा पडतो ‘नॉर्मल’. उलट कोणाला पडसे झाले, कोणाला हिवताप आला, कोणी जिना धावत चढून आला, तरी आकडा हलतो. आमच्याकडे येणारा माणूस कागद हातात घेतल्याबरोबर एकच विचारतो, “साहेब, सगळं नॉर्मल आहे ना?” आम्ही हो म्हणतो आणि तो आनंदाने जातो. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच असतो की हौद आज भरलेला आहे.

ही गोष्ट जगाला कळण्यास बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये १९२१ साली क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक समिती बसली. तिने शिसे वापरा, कामाचे तास कमी करा, सुट्टी द्या असे सांगितले, आणि कामगारांचे रक्त ठराविक काळाने तपासा असेही सांगितले. त्या काळी दुसरे साधनही हाताशी नव्हते, त्यामुळे हा सल्ला योग्यच होता. पण त्याच्या पोटात एक विपरीत कल्पना दडलेली होती. माणसाचे शरीर हेच मोजण्याचे यंत्र! काटा हलला म्हणजे समजायचे की अपाय झाला. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यात पाखरू नेत असत. येथे पाखरू आणि खाणकामगार एकच.

याच काळात मादाम क्यूरी गेल्या. १९३४ च्या जुलैत त्यांना मृत्यू आला तो हाडांतील मगज निकामी झाल्याने आलेल्या पंडुरोगाने. १९९५ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांतेओंमध्ये हलवले, त्या वेळी तपासणीत रेडियमचे प्रमाण फार आढळले नाही. म्हणून युद्धकाळात सैनिकांसाठी क्ष-किरणांच्या गाड्या चालवताना त्यांनी घेतलेला मारा याला अधिक जबाबदार असावा, असा तज्ज्ञांनी तर्क केला. त्यांची कन्या इरेन १९५६ साली ल्युकेमियाने, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाने, गेली. मायलेकी दोघी, दोघींना नोबेल पारितोषिक, आणि दोघींचे मरण रक्तात. १९४४ साली अमेरिकेतील डॉ. मार्च यांनी डॉक्टरांच्या मृत्युलेखांवरून हिशेब मांडला, तेव्हा क्ष-किरणांचे काम करणाऱ्या डॉक्टरांत ल्युकेमियाचे मृत्यू इतर डॉक्टरांच्या सुमारे दहापट निघाले. शिकलेल्या, स्वतःचे रक्त स्वतः तपासू शकणाऱ्या माणसांची ही गत.

परंतु रक्तावर भिस्त ठेवून कारखाना चालवण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद प्रयोग रशियात झाला. उरल पर्वताच्या पूर्वेस, कोणत्याही नकाशावर नसलेल्या एका बंद गावात, मायाक नावाचा कारखाना १९४८ च्या जूनमध्ये सुरू झाला. बॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करावयाचे होते आणि घाई विलक्षण होती. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत रशियाने पहिला बॉम्ब उडवला, यावरून त्या घाईची कल्पना येईल.

मात्रेचे आकडे पुढे लागतील, म्हणून एक माप सांगून ठेवतो. शरीराला बसलेला किरणांचा मार सिव्हर्टमध्ये मोजतात. त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट. आकाश, जमीन, हवा आणि अन्न यांतून जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्याला कोणाचा इलाज नाही. भारतात किरणांचे काम करणाऱ्यास आज पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या पुढे जाता येत नाही. आता ऐका. मायाकमध्ये त्या आरंभीच्या वर्षांत काही विभागांची सरासरीच वर्षाला एक हजार मिलिसिव्हर्टच्या घरात होती. आजच्या मर्यादेच्या पन्नासपट, आणि तीही सरासरी! रसायनविभागात विद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पुष्कळ मुली होत्या.

अँजेलिना गुस्कोवा नावाची पंचविशीतील डॉक्टर १९४९ साली तेथे रुजू झाली. तिच्यापुढे जे रोगी येत ते थकलेले असत, डोके दुखते म्हणत, हाडे दुखतात म्हणत, झोप नाही म्हणत. रक्त तपासावे तो पांढऱ्या पेशी दोन-तीन हजारांवर आलेल्या, बिंबिका निम्म्यावर. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात या रोगाचे वर्णन नव्हते. गुस्कोवा आणि त्यांचे सहकारी बायसोगोलोव्ह यांनी त्याला ‘चिरकारी किरणविकार’ म्हटले. दीड हजाराहून अधिक कामगारांत त्याचे निदान झाले. आणि निदान झाले तरी रोग्याला ते उघड सांगण्याची मुभा नव्हती, कारण कारखाना काय करतो हेच गुपित!

गुस्कोवांचे मोठेपण आम्हांला यात दिसते की त्यांनी औषध शोधीत वेळ दवडला नाही. औषध एकच होते: माणसाला त्या कामावरून हलवणे. रक्ताचा कागद पुढे करून त्यांनी एकेका कामगाराला किरणांपासून दूर बदली मिळवून दिली, आणि बदली झालेल्या बहुतेकांचे रक्त काही वर्षांत सावरले. ज्या कागदाने ऑरेंजच्या मुलींना फसवले, तोच कागद येथे ढाल झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण रक्ततपासणी निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पण ढाल उचलली गेली ती घाव बसल्यानंतर. रक्त सावरले म्हणून हिशेब चुकता झाला असे मायाकच्या कामगारांच्या बाबतीत घडले नाही. पुढे अनेक वर्षे त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली, तीत मात्रेच्या प्रमाणात ल्युकेमिया वाढलेला स्पष्ट दिसला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. पेशी कमी होणे ही एक गोष्ट आणि ल्युकेमिया ही दुसरी. पहिलीला मोठी मात्रा लागते. मगज सुधारला की ती जाते. दुसरीचे तसे नाही. मगजातील एखाद्याच मूळ पेशीच्या आनुवंशिक सूत्रात किरणाने बिघाड केला, ती पेशी मेली नाही, दुरुस्तही झाली नाही, आणि वर्षांनंतर बेबंद वाढू लागली, तर ल्युकेमिया. त्या मधल्या वर्षांत रक्ताची गणना सर्वस्वी निर्दोष असते. हिरोशिमा आणि नागासाकीच्या लोकांत ल्युकेमियाची वाढ दोन-तीन वर्षांनी दिसू लागली आणि सहा-आठ वर्षांनी कळसाला पोचली. जो रोग येण्याआधी अनेक वर्षे रक्तात दिसतच नाही, त्याच्यावर रक्ताचा पहारा कसा बसवणार?

म्हणून शहाणपण हळूहळू शरीराच्या आतून बाहेर आले. रक्त मोजण्याऐवजी किरण मोजा. कामगाराच्या छातीवर बिल्ला लावा आणि बिल्ल्यावर किती पडले ते पाहा. पूर्वी त्या बिल्ल्यात फिल्म असे. पुढे विशिष्ट स्फटिकांच्या चकत्या आल्या. त्या तापवल्या की पडलेल्या किरणांच्या प्रमाणात प्रकाश देतात. मर्यादाही उतरत गेली. १९३४ साली दिवसाला ०.२ राँटजेन चालते असे मानीत. आजच्या मापात ते वर्षाला काही शे मिलिसिव्हर्ट होतात. १९५० मध्ये ती सुमारे १५० वर आली, त्याच दशकात ५० वर, आणि १९९० साली सरासरी २० वर. याचे फळ मिळाले. इंग्लंडमधील क्ष-किरणतज्ज्ञांचा शंभर वर्षांचा इतिहास तपासला, तेव्हा १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर या धंद्यात पडलेल्यांत कर्करोगाचे वाढीव मृत्यू आढळले नाहीत.

मग २० मिलिसिव्हर्टखाली काहीच होत नाही काय? येथे शास्त्राने अलीकडे जे उत्तर दिले आहे ते कोणालाच फारसे सोयीचे नाही. फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका येथील अणुउद्योगातील सुमारे ३ लाख १० हजार कामगारांच्या नोंदी एकत्र करून त्यांचे मृत्यू तपासले गेले. २०१५ साली आणि पुन्हा २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक प्रकार वगळून बाकीच्या ल्युकेमियाने मेलेले त्यांत ७७१ होते. मात्रा वाढेल तसा ल्युकेमिया वाढतो हे त्यात दिसले, आणि कामगारांची सरासरी मात्रा तर फार थोडी होती. जन्मभराच्या नोकरीत मगजाला बसलेला एकूण मार २० मिलिसिव्हर्ट असेल, तर त्या हिशेबाने ल्युकेमियाची शक्यता मूळच्या शंभरास सुमारे १०५ होते. मूळची शक्यताच हजारात दोन-तीन. तेव्हा एकट्या माणसाच्या दृष्टीने ही वाढ क्षुल्लक आहे, असे कारखानदार म्हणेल, आणि ते गणिताने बरोबर ठरेल. लाखो कामगारांच्या दृष्टीने मात्र त्या वाढीत काही खरी माणसे मरतात, असे कामगारांचा पुढारी म्हणेल, आणि तेही गणिताने बरोबर ठरेल. ती माणसे कोणती, हे मात्र कोणालाच दाखवता येणार नाही. किरणाने आलेल्या ल्युकेमियाच्या अंगावर तसा शिक्का नसतो.

ही पंचाईत सोडवण्याची एक रीत जपानने काढली, ती आम्हांला आवडते. १९७६ च्या तेथील नियमाप्रमाणे, किरणांच्या कामात वर्षाला पाच मिलिसिव्हर्ट या हिशेबाने जितकी वर्षे काम केले तितकी मात्रा बसली असेल, आणि काम सुरू झाल्यावर एक वर्षानंतर ल्युकेमिया झाला असेल, तर कामगाराला भरपाई मिळते. तुझा रोग किरणांनीच झाला हे सिद्ध कर, असे त्याला कोणी म्हणत नाही. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर तेथे साफसफाईला गेलेल्या एका कामगारास ऑक्टोबर २०१५ मध्ये अशी भरपाई मंजूर झाली. त्याची एकूण मात्रा २० मिलिसिव्हर्टहून थोडी कमीच होती. रोग किरणांमुळे झाला असे सरकारने म्हटले नाही. संशयाचा फायदा कामगाराला दिला.

रक्ताची खरी कामगिरी दिसते ती अपघातात. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली, आणि आजारी पडलेले कामगार व बंबवाले मोठ्या संख्येने मॉस्कोच्या इस्पितळात आणले गेले. तेथे गुस्कोवाच होत्या! उरलमध्ये शिकलेले सारे येथे कामास आले. बिल्ले निकामी झालेले, कित्येकांपाशी नव्हतेच. मग कोणाला किती मार बसला हे ठरवावे कसे? उलट्या किती वेळाने सुरू झाल्या, आणि पहिल्या दिवसांत लिंफोसाइट किती उतरल्या, यावरून रोग्यांचे गट पाडले. तीव्र किरणविकार १३४ जणांना झाला होता. पहिल्या काही महिन्यांत २८ दगावले: सर्वांत जबर मार बसलेल्या २१ जणांपैकी २०, त्याखालच्या २२ पैकी ७, मधल्या ५० पैकी १, आणि सौम्य मार बसलेल्या ४१ पैकी एकही नाही.

लिंफोसाइट आणखीही एक साक्ष देते. किरणाने तिच्यातील गुणसूत्रे तुटली, की तुटलेली टोके कधीकधी भलत्याच जोडीने सांधली जातात आणि एका गुणसूत्राला दोन कंबरा येतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी दोन कंबरांची गुणसूत्रे मोजली की मात्रेचा अंदाज बांधता येतो. सुमारे १०० मिलिसिव्हर्टपर्यंत ही पद्धत पोचते, त्याखाली नाही. मोजणाऱ्याने शेकडो पेशी एकेक करून पाहाव्या लागतात. डोळे आणि धीर, दोन्हींची परीक्षा!

आपल्या देशात या विद्येची गरज पडली ती अणुभट्टीत नव्हे, भंगाराच्या बाजारात. दिल्ली विद्यापीठातील वापरात नसलेले एक गॅमा किरणांचे यंत्र २०१० साली लिलावात विकले गेले. आत कोबाल्ट तसेच होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. कातडी काळी पडलेली, रक्तातील पेशी घटलेल्या, अशी माणसे इस्पितळात आली तेव्हा प्रकार उघडकीस आला. एक कामगार एप्रिलमध्ये मरण पावला. या माणसांनी किरणोत्सर्गाचे काम पत्करलेले नव्हते. त्यांच्या छातीवर बिल्ला कोठून असणार? त्यांच्यापुरता पुरावा त्यांच्या रक्तातच होता.

आता राहिला बिल्ला. रक्तापेक्षा तो विश्वासू साक्षीदार खरा, पण तोही माणसांच्याच हाती आहे. फुकुशिमातील एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना मोजणीयंत्रावर शिशाचे पत्रे बसवावयास लावले, ही गोष्ट २०१२ साली बाहेर आली. मर्यादा भरली की कामगाराला घरी बसावे लागते. म्हणून आकडाच कमी दाखवावयाचा. १९२४ साली खोटे रक्ताच्या कोष्टकात शिरले होते, येथे ते शिशाच्या पत्र्यात शिरले. आणि यात केवळ मालकाचा लोभ असतो असेही समजू नका. ज्याची चूल रोजावर पेटते, तो कामगार स्वतःहून बिल्ला पेटीत ठेवून कामावर जातो, कारण भरलेला बिल्ला म्हणजे बुडालेला रोज. मर्यादा भरलेल्या माणसाचा रोज चालू ठेवण्याची तजवीज नसेल, तर त्याला बिल्ल्याचे महत्त्व सांगणारे व्याख्यान व्यर्थ आहे, हेसुद्धा.

हे सर्व आपल्यापासून दूरचे आहे असे कोणास वाटत असेल, तर त्यांनी आपल्याच गावाभोवती पाहावे. बॉयलरच्या आणि तेलाच्या नळांच्या जोडाला भेग आहे की नाही हे पाहण्यासाठी रात्री आवार मोकळे करून इरिडियमचा तुकडा असलेली पेटी आणतात. ते लोक तिला ‘कॅमेरा’ म्हणतात. हृदयाच्या वाहिनीत स्प्रिंग बसवणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ तासन् तास क्ष-किरणांशेजारी उभे असतात. शिशाचा अंगरखा जड, पाठ दुखते, म्हणून कोणी तो घटकाभर काढून ठेवतो. दातांच्या दवाखान्यापासून विमानतळावरील सामानाच्या यंत्रापर्यंत किरण पोचले आहेत, जरी तेथील मात्रा अगदी थोडी असते.

अशा कामावर ज्यांच्या घरचे कोणी जात असेल त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. कामावर लागताना रक्त तपासून घ्यावे आणि तो पहिला कागद टाकून देऊ नये. पुढे कधी अपघात झालाच, तर तुलनेला स्वतःचा जुना आकडा उपयोगी पडतो. पुस्तकातला चार ते अकरा हजारांचा नव्हे. आणि नोकरी सोडताना आपल्या मात्रेची नोंद लेखी मागून घ्यावी. अशा नोंदी कामगाराच्या वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत, आणि काम सोडल्यावर निदान ३० वर्षे जपून ठेवाव्यात, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा दंडक आहे. एवढी वर्षे कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण मघाशी सांगितलेच. कंत्राटदार बदलतात, कंपन्या बुडतात, कचेरीला वाळवी लागते. म्हणून एक प्रत घरच्या पेटीत, शिधापत्रिकेच्या आणि जमिनीच्या उताऱ्याच्या जोडीला असावी. तिच्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.